निरगाठ

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला गाठ मारायला शिकवली ती अकरा वर्षांच्या पोरीनं. म्हणजे तिनं शिकवली, मी शिकलो असं काही नाही. बोलाइन नावाची गाठ. दोरीचा फास होतो पण आवळत जात नाही आणि कितीही ताण पडला तरी नंतर सहज सुटते. पुस्तकात यासाठी ससा, बीळ आणि झाडाची गोष्ट असते, पण आमची पोरगी गोंयकार, तिनं सशाच्या जागी कुर्ली, म्हणजे खेकडा, घातली. "काका, कुर्ली बिळातून वर येते, माडाला मागून वळसा मारते आणि परत त्याच बिळात जाते. किती सोपं!" माझी कुर्ली दर वेळी शेजारणीच्या बिळात.

आपल्याकडे गाठींना दोन छान शब्द आहेत, सुरगाठ आणि निरगाठ. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि नखं तुटली तरी सुटत नाही ती निरगाठ. लहानपणी माझ्या चड्डीच्या नाडीला निरगाठ बसली की आजी ती दातांनी सोडवायची आणि सोडवून झालं की मग बोलायची. म्हणजे घराणंच निरगाठीचं, पोरीला काय दोष देणार.

तर झालं असं की मागच्या पावसाळ्यात आम्ही फोंड्याचे आठ जण असेच एका ओहळावर गेलो होतो, एकाचा पाय घसरून मुरगळला आणि तेव्हा कळलं की आठ जणांकडे आठ स्मार्टफोन आहेत, एकालाही रेंज नाही, आणि पायाला बांधायला साधी पट्टी कुणाकडे नाही. शेवटी वैनीच्या ओढणीनं बांधला. घरी येईपर्यंत वैनीनं जाहीर केलं की पुढच्या मृगाच्या आत आपण सगळं शिकायचं. बाहेरचा शिक्षक नको, प्रत्येकानं एकेक गोष्ट शिकून यायची आणि रविवारी गावामागच्या सड्यावर बाकीच्यांना शिकवायची. मला हे आवडलं. पैसे भरले की हल्ली तुम्हाला पट्टे बांधून जिपलाइनवरून सोडतात, पण त्यात शिकण्यासारखं काय असतं, तुम्ही तिथे सामान असता.

खरं म्हणजे गोव्यात हरवायचं कुठे हाही प्रश्नच आहे. सगळं राज्य 3702 चौरस किलोमीटर, कुठूनही सरळ चालत सुटलात तर रस्ता, देऊळ किंवा बार लागणारच, असं आमचा बँकवाला म्हणतो. म्हादईच्या रानात एकदा सोडून द्यायला पाहिजे त्याला.

नकाशा मास्तरांकडे होता. मास्तर जुने स्काऊटवाले, 1907 साली स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, बड्या शाळांतली आणि कामकऱ्यांची एकत्र, त्यांचे चार गट पाडले, हे ते निदान तीन रविवार तरी सांगत होते. पण त्यांनी त्या दिवशी जे केलं ते मी विसरणार नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा पसरला आणि पिशवीतून अख्खा बेबिंका, आमचा थराथरांचा गोव्याचा केक, काढला. आता समोच्च रेषा म्हणजे काय हे आम्ही सगळे शाळेत घोकलोय आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलोय. मास्तरांनी सुरी घेऊन बेबिंक्याचा डोंगर कोरला, एका बाजूनं उभा कडा, दुसऱ्या बाजूनं सावकाश उतार. "एक थर म्हणजे 20 मीटर उंची. आता वरून बघा." वरून बघितलं तर कड्याकडे थरांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या आणि उताराकडे ऐसपैस. बस्स, एवढंच असतं ते! रेषा दाटल्या की दम लागणार, विरळ झाल्या की गप्पा मारत जायचं. बँकवाल्यानं तेवढ्यात कडा खाल्ला, मग मास्तर चिडले, पण मुद्दा पोचला होता.

होकायंत्र मामांचं. इथे त्याची उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत जेमतेम अंशभराचा फरक, त्यामुळे चिंता नको असं ते वाचून आले होते. आणि तरी मामांची उत्तर दर वेळी भलतीकडेच. बाकी सगळ्यांची सुई एकीकडे, मामांच्या हातात दिलं की दुसरीकडे, आम्ही म्हटलं मामांच्यातच काहीतरी आहे. अर्ध्या तासानं पोरीनंच विचारलं, "मामा, कमरेला तो कोयता कशाला?" लोखंड! सड्यावर जाताना कोयता नाही असा माणूस मामांना कल्पनेतही सुचत नाही. कोयता वीस पावलं लांब ठेवला आणि उत्तर जागेवर आली.

मी मात्र या सगळ्यात सगळ्यात मंद होतो, आणि आधी लाज वाटायची. पण हळूहळू लक्षात आलं की मी "परत दाखव" म्हटलं की आजूबाजूचे दोघंतिघंही गुपचूप वाकून बघायचे, त्यांनाही आलेलं नसायचंच, फक्त विचारायचं कुणी हा प्रश्न होता. पोरीलासुद्धा सातव्यांदा दाखवताना आपल्या गाठीचं शेपूट तोकडं राहतंय हे दिसलं. चालतानाही तेच. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाचा 1892 सालचा हिशोब आहे, ताशी 5 किलोमीटर धरायचे आणि दर 600 मीटर चढाला एक तास जोडायचा. आमचे सात किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ म्हणजे दोन तासांच्या आत व्हायला हवं होतं. सव्वाचार लागले. त्यात कैऱ्या पाडणं आलं, पण मुख्य कारण मी. तेव्हापासून नियम झाला की मी पुढून दुसरा चालायचं आणि सगळ्यात दमदार माणसानं सगळ्यात मागे. नाहीतर मंद माणूस धापा टाकत थांब्यावर पोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि ते उठून चालायला लागतात, हा अन्याय ज्यांनी भोगलाय त्यांनाच कळेल.

सापांचा रविवार गंभीर होता. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, अवयव हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांवर लस आहे, आमच्या रानातल्या काही चापडा जातीच्या सापांवर ती चालत नाही, हे ऐकून जरा वेळ कुणी बोललंच नाही. सत्तरी तालुक्यात 2015 पासून गोचिडीतून होणारा माकडतापही माहीत झालाय, त्यामुळे गोचीड बघायची सवय वैनीनं सगळ्यांना लावली.

आणि मग परीक्षा. अभयारण्यात परवानगीशिवाय राहता येत नाही, म्हणून सत्तरीत केरीला ओळखीच्या एका कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, रात्र काढायची ठरली. पाऊस दुपारपासूनच. ओल्या लाकडानं चूल पेटेना, मास्तरांच्या तीन पद्धती फसल्या, मग मामांनी ताडपत्रीखाली ठेवलेलं नारळाचं सोडण आणि करवंट्या काढल्या आणि पाच मिनिटांत चहा. हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणे, "ह्यात शिकवण्यासारखं काय आहे?"

ताडपत्रीचे चार कोपरे चौघांकडे. चौथा माझा. मी कुर्ली आठवून आठवून बांधला, पोरीनं टॉर्च मारून बघितलं, काही बोलली नाही. रात्री दोनच्या सुमाराला वारा सुटला तो असा की पोफळी वाकायला लागल्या, आम्ही आठही जण उठून बसलो, आणि सगळ्यांचे टॉर्च कुठे? माझ्या कोपऱ्यावर. कोपरा हलला नाही. सुटला तो बँकवाल्याचा. मी काही बोललो नाही, पण सकाळच्या चहापर्यंत कितीतरी वेळा तिकडे बघून आलो.

सकाळी आवरायला घेतलं. पोरीच्या गाठीला वैनीनं अंगठ्यानं जरा ढकललं, सुटली. माझ्या गाठीला आधी वैनी, मग काटाचमचा, मग मास्तरांचं पेन, शेवटी बँकवाल्याचे दात. सगळा घुस्पागोंदळ. पोरगी म्हणाली, "काका, ही बोलाइन नाही. ही नेमकी काय आहे?" मामांनी काही न बोलता कोयता काढला.

परवा कुळागरवाल्यानं ग्रुपवर फोटो टाकलाय. पोफळीला निळ्या दोरीचं कडं, एवढा पाऊस झाला तरी जसंच्या तसं. खाली लिहिलंय, "सुपारी उतरवणारा विचारतो ही कोणी बांधली, त्याला शिकायची आहे."