हे कोणाच्या घरचं शूटिंग आहे?

गेल्या शनिवारी घरच्यांना आणि दोन मित्रांना बसवून 'स्लेजहॅमर' दाखवला. सुरुवातीला सहा जण होतो, संपला तेव्हा तिघं, त्यातला एक झोपलेला. मी स्वतः हा आधी एकदा एकट्याने हेडफोन लावून बघितला होता, पहिल्या वीस मिनिटांत तीनदा घड्याळ बघितलं होतं, मनातल्या मनात शिव्या पण घातल्या होत्या, आणि तरी संपल्यावर लाइट बंद करायला काही उठवेना. हे असं का झालं ते कळेना, म्हणून म्हटलं चार माणसांना दाखवून बघू त्यांचं काय होतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा १९८३ चा अमेरिकन स्लॅशर, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारतो त्या जातीचा भयपट. दिग्दर्शक डेव्हिड ए. प्रायर, त्याचा पहिलाच सिनेमा, आणि हीरो कोण तर त्याचा सख्खा भाऊ टेड प्रायर. फिल्मवर नाही, व्हिडिओ टेपवर शूट केलेला आणि थेट व्हीएचएस कॅसेटसाठीच बनवलेला. अशा सिनेमांना 'शॉट ऑन व्हिडिओ' म्हणतात, शौकीन लोक नुसतं एसओव्ही म्हणतात. गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी. एक बाई आपल्या लहान मुलाला कपाटात कोंडते आणि प्रियकराबरोबर मजेत असते, तेवढ्यात दोघंही घणाच्या घावाने मरतात. दहा वर्षांनी त्याच घरात पोरापोरींचा ग्रुप पार्टीला येतो, पितात, दंगा करतात, प्लँचेट करतात, आणि मग घण घेतलेला मास्कवाला हजर. तो मधेच लहान मुलगा होतो, मधेच धिप्पाड माणूस होतो, मधेच गायब होतो. का, कसं, विचारायचं नाही.

आता या सिनेमाबद्दल लोकांची मतं वाचायला गेलं तर सरळ दोन टोकं. एकाला आयुष्यात बघितलेला सगळ्यात भिकार सिनेमा वाटलेला असतो, दुसऱ्याला हा तापात पडलेल्या स्वप्नासारखा वाटतो आणि तो दरवर्षी परत बघतो. मधलं कोणी नाहीच. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. दोन्हीकडचे लोक कारणं देताना बोट ठेवतात त्याच जागांवर! स्लो मोशन, रिकाम्या पांढऱ्या भिंती, घराचा तो संपता न संपणारा शॉट. एक म्हणतो यामुळे बंद केला, दुसरा म्हणतो यामुळेच तर बघितला. आमच्या हॉलमध्ये पण डिट्टो हेच झालं.

स्लो मोशनचंच घ्या. या सिनेमात स्लो मोशन इतकं आहे की सगळं नॉर्मल स्पीडला केलं तर किती मिनिटांचा उरेल देव जाणे. मारामारी स्लो, ठीक आहे, पण हीरो-हिरॉइन नुसते चालत जातायत ते पण स्लो. मावसभाऊ तिथेच उठला, म्हणाला "हे पोचले की मला हाक मार." आणि माझा दुसरा एक मित्र, जो पोटापाण्यासाठी व्हिडिओ एडिटिंग करतो, तो नेमका तिथे सरसावून बसला. तो म्हणाला नीट बघ, हे सिनेमातलं स्लो मोशन नाहीच. फिल्मवर स्लो मोशन हवं असेल तर कॅमेराच जोरात पळवतात, सेकंदाला २४ च्या जागी ४८ किंवा ७२ फ्रेम, म्हणजे चित्रं घेतात आणि मग २४ च्या वेगाने दाखवतात, त्यामुळे हालचालीचा प्रत्येक बारीक टप्पा खरोखर टिपलेला असतो आणि सगळं लोण्यासारखं सरकतं. इथे तसं दिसतच नाही. टेपवर नॉर्मल शूट करून ठेवलंय आणि नंतर तेच ताणलंय, म्हणजे तीच चित्रं थांबून थांबून परत. म्हणून हात वर जाताना सरकत नाही, टप्प्याटप्प्याने जातो आणि मागे जरासा पुसट ठसा सोडतो.

मी मग तो चालण्याचा सीन मागे घेऊन परत बघितला (मावसभाऊ आतून ओरडला, "पोचले का?") आणि खरंच, माणूस पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं, चेहऱ्यावरचं हसू पण तुटक तुटक उमटतं. प्रेमाचा सीन आहे आणि बघताना पोटात गोळा येतो.

आता हे सगळं प्रायरने मुद्दाम केलं असं म्हणणारे पण लोक आहेत, त्यांच्या मते वेळ थांबवण्याची ती शैली आहे वगैरे. माझं मत विचाराल तर अजिबात नाही. स्वच्छ दिसतंय की सिनेमा लांबीला कमी पडत होता आणि ताणायचं स्वस्तातलं साधन तेवढंच हाताशी होतं. पण मुद्दाम केलं नाही म्हणून त्याचा परिणाम होत नाही असं कुठे आहे. मला भीती वाटली ती वाटलीच, त्यात दिग्दर्शकाला श्रेय द्यायचं की टेपला, हा भाग वेगळा.

आईचं सांगायचं राहिलं. ती काही बघायला बसली नव्हती, घड्या घालायचे कपडे घेऊन हॉलमधून जात होती, सिनेमा नुकताच सुरू झालेला. थांबली आणि म्हणाली, "हे कोणाच्या घरचं शूटिंग आहे रे?"

मी म्हटलं, "आई, सिनेमा आहे हा."

"काहीतरीच. सिनेमा असा दिसतो का? भिंती बघ त्या."

आम्ही सगळे हसलो, पण आता मला वाटतं की या सिनेमावर मी वाचलेल्या झाडून सगळ्या मतांपेक्षा हे मत भारी आहे. एक तर शब्दशः खरं आहे. आतला बराचसा भाग दिग्दर्शकाच्या स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये शूट केलाय, म्हणून तर बाहेरून एवढं मोठं एकाकी घर दिसतं आणि आत गेलं की भाड्याच्या फ्लॅटसारख्या कोऱ्या पांढऱ्या भिंती, ना फोटो, ना पडदा, तोच एक पॅसेज पुन्हा पुन्हा. आणि दुसरं म्हणजे आईने जे पकडलं तीच एसओव्हीची सगळी गोम आहे. फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते, त्या थोड्याशा अडखळण्याला आपले डोळे 'सिनेमा' म्हणायला शिकलेत. अमेरिकन टीव्हीच्या सिस्टीममध्ये व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला जवळपास ६० अर्धी चित्रं (त्यांना फील्ड म्हणतात) घ्यायचा, एक ओळ सोडून एक ओळ, त्यामुळे हालचाल फार गुळगुळीत आणि फार जवळची दिसते. अशी हालचाल आपण कशात बघितलेली असते? बातम्यांत, मालिकांत, आणि घरच्या कॅसेटमध्ये, कोणाचं लग्न, कोणाचा वाढदिवस. त्यात प्रकाशाची बोंब, व्हिडिओला उजेड आणि अंधार दोन्ही एकदम झेपायचे नाहीत, म्हणून भिंत पांढरीफटक आणि कोपरा काळाकुट्ट, मधलं काही नाही.

म्हणजे काय होतं, की डोकं म्हणतं हा सिनेमा आहे, टेन्शन घेऊ नको, आणि डोळे म्हणतात हे कोणीतरी घरी शूट केलंय. घरी शूट केलेल्या टेपमध्ये खून बघायची सवय नसते आपल्याला. ज्या लोकांना हा सिनेमा चावतो त्यांना इथे चावतो. आणि ज्यांना इथे काहीच होत नाही त्यांच्यासाठी मग फक्त टुकार अभिनय उरतो, त्यांचंही काही चुकत नाही.

बरं, अभिनय टुकारच आहे, त्यात वाद नको. पार्टीच्या सीनमध्ये एकमेकांना अन्न फेकून मारायची जी लांबलचक दंगल आहे ती बघताना माझी धाकटी बहीण म्हणाली की यांना कोणीतरी लवकर मारा, आणि स्लॅशरच्या प्रेक्षकाने एवढ्या लवकर खुन्याची बाजू घेणं हे काही लेखनाच्या दृष्टीने बरं लक्षण नव्हे. ती त्यानंतर फोनमध्ये गेली. पण तिनेच एक गोष्ट हेरली जी माझ्या दोन्ही वेळा सुटली होती, की संगीत बंद पडतं तेव्हा जास्त भीती वाटते, कारण मग मागे खोलीचा नुसता घूं असा आवाज येत राहतो. सिंथेसायझरवाला नाट्यमय झंकार सुरू झाला की उलट हायसं वाटतं, कारण कोणीतरी हे बसवलंय याची खात्री पटते.

एक तक्रार मात्र मला पटत नाही, ती म्हणजे "प्रिंट फार खराब आहे, एचडी कधी येणार". अहो येणार कुठून! जुन्या फिल्मवरच्या सिनेमांची निगेटिव्ह सापडली की ती परत स्कॅन करता येते आणि चाळीस वर्षांपूर्वी थिएटरात दिसलं नसेल एवढं आज घरी दिसतं. इथे निगेटिव्हच नाही. मूळ वस्तूच टेप, दिसणाऱ्या ओळी सुमारे ४८०, आणि व्हीएचएसवर उतरवला की आडव्या बारकाव्यात जेमतेम २४० ओळी उरतात. २०११ मध्ये डीव्हीडी आली, ती बरी आहे, पण चमत्कार कोणी करू शकत नाही. त्यातून व्हीएचएसवर रंगाची माहिती काळ्या-पांढऱ्यापेक्षा कितीतरी कमी साठते, आणि सगळ्यात आधी वाट लागते ती लाल रंगाची. जुन्या कॅसेटच्या कॉपीत रक्त नीट बघा. ते शर्टावर जिथे लागलंय तिथे थांबत नाही, कडेच्या बाहेर सरकतं, हवेत थोडं पसरतं, माणूस हलला की लाल डाग अर्धा क्षण मागे राहतो. पैसे देऊन कोणी हा इफेक्ट मागितला असता तर तेव्हा मिळाला नसता. एडिटरवाल्या मित्राने यावर मान डोलावली, बहीण म्हणाली तुम्ही दोघं आजारी आहात.

दुसरा एक वाद रसिकांमध्ये कायम चालू असतो, अशा व्हिडिओवाल्या सिनेमांत पहिला कोण. १९८५ मध्ये 'ब्लड कल्ट' आला, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात बनवलेला, सुमारे २७,००० डॉलरमध्ये आणि नऊ दिवसांत उरकला असं सांगतात, आणि त्याची जाहिरातच होम व्हिडिओसाठी बनलेला पहिला सिनेमा अशी केली होती. पण 'स्लेजहॅमर' त्याच्या दोन वर्षं आधीचा. आणि त्याच्याही आधी १९८२ चा 'बोर्डिंगहाउस' आहे, तो पण व्हिडिओवरच शूट केलेला, फक्त नंतर थिएटरच्या ३५ एमएम फिल्मवर चढवून लावला, म्हणजे व्हिडिओवर शूट केलेला की व्हिडिओसाठी बनवलेला यावर भांडत बसायचं. मला स्वतःला या शर्यतीत रस नाही, पण आकडे बघून एक गोष्ट डोक्यात बसली. आपण सहज म्हणतो 'हॅलोवीन', तो गाजलेला स्लॅशर, लो-बजेट होता. होता, पण १९७८ मध्ये त्याला तीन लाख डॉलरच्या वर खर्च आला होता आणि तो व्यवस्थित ३५ एमएमवर शूट केला होता. २७,००० वाल्याला जर आपण त्याच पट्टीने मोजायला लागलो तर तो मोजायच्या आधीच मेला. तेव्हाच्या लोकांना राग यायचा तो मात्र मी समजू शकतो, त्या काळात कॅसेटच्या दुकानांना फळ्या भरायला काहीही चालायचं, कव्हरवर जोरदार चित्र, आत हे असं, आणि माणसाने शनिवारच्या रात्रीसाठी पैसे मोजून ती कॅसेट नेलेली. आज आपण हा सिनेमा काय आहे ते आधीच माहीत करून घेऊन बघतो. एवढ्या तयारीनिशी बसलेल्या माणसाचं मत आणि फसून बसलेल्या माणसाचं मत एकाच ताटात कसं वाढायचं?

आणि हो, "इतका वाईट की मस्त" म्हणणारी जी तिसरी जमात आहे, प्रत्येक डायलॉगला खिदळणारी, त्यांच्याशी माझं जमत नाही. झोपलेला मित्र त्यातलाच, पाऊण तास हसला आणि मग घोरायला लागला. हसून हसून सिनेमा संपवता येत नाही, तो फार हळू आहे त्यासाठी, हसू आधी संपतं. प्रायरचे पुढचे सिनेमे त्यांना जास्त आवडतील, १९८७ च्या 'डेडली प्रे' मध्ये तोच भाऊ टेड जंगलात उघड्या अंगाने लढतो, तिकडे खुशाल शिट्ट्या मारा. प्रायर पुढे ढिगाने अ‍ॅक्शन सिनेमे करत राहिला, २०१५ मध्ये गेला. घरात कॅमेरा लावून भावाला समोर उभं करण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाचं हे काही वाईट करिअर नाही.

रात्री सगळे गेल्यावर मी पसारा आवरत होतो तर आई पाणी प्यायला उठलेली. म्हणाली, "त्या पोराला कपाटातून काढलं का रे शेवटी कोणी?"

खरं सांगायचं तर सहा जणांत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, मला दोनदा बघून पडला नव्हता. आम्ही फील्ड आणि फ्रेम मोजत बसलो होतो. मी म्हटलं, अगं तो मोठा होऊन, म्हणजे मोठा झाला की नाही ते नीट कळत नाही, पण तोच सगळ्यांना मारतो बहुतेक.

"मग बरोबर आहे," म्हणाली आणि झोपायला गेली.

पुढच्या शनिवारी 'ब्लड कल्ट' लावतोय. मावसभावाने कळवलंय की कोणी स्लो मोशनमध्ये चालणार नसेल तर येतो.