तिसरं वर्ष

आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा खेळाडू, रोज सकाळी सहाच्या आधी जिमच्या दाराशी येऊन उभा असायचा. किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे दोन वर्षं आमचा दोघांचा दिवस बरोबरच सुरू व्हायचा. सोमवार, 24 मार्च 2025 ला तो आला तेव्हा हातात बॉल नव्हता. मी दिवे लावेपर्यंत तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आज पोर्टलमध्ये नाव टाकतोय. कोचच्या आधी तुला सांगावंसं वाटलं."

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका लहान विद्यापीठात पुरुषांच्या बास्केटबॉल संघासाठी व्हिडिओ आणि आकडेवारीचं काम करतो. आम्हीही डिव्हिजन वनमध्येच, कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावर खेळतो, म्हणजे केंटकी आणि ड्यूकसारखे बडे संघ ज्या पंगतीत बसतात त्याच पंगतीत. त्या हंगामात 364 संघ होते. पंगत एक असली तरी ताटं फार वेगळी आहेत.

पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. नाव पडलं की कुठलाही कोच त्या मुलाशी बोलू शकतो. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागे. 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट गेली, 2024 मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदलायची मोकळीक मिळाली. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसेही घेता येऊ लागले. तेच एनआयएल. मला त्या पैशांचं वाईट वाटत नाही. या मुलांच्या जिवावर टीव्हीचे अब्जावधी डॉलरचे करार होत होते आणि त्यांच्या हातात स्कॉलरशिपपलीकडे फारसं काही पडत नव्हतं.

त्याने मला एका मोठ्या कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटातून, कानावर आलेला पैशांचा आकडा सांगितला. आमच्या तिन्ही असिस्टंट कोचचे वर्षाचे पगार एकत्र केले तरी तिथे पोचत नव्हते. त्याची आई दोन नोकऱ्या करते. मी त्याला म्हटलं, "जा. नक्की जा." तेव्हा त्याने एक काम सांगितलं. "माझा व्हिडिओ तू कर. नुसत्या बास्केट नकोत. मी काय बघतो ते दिसू दे."

दुपारपर्यंत पहिल्या पाचांतले चार गेले. कोचच्या खोलीत पांढरा बोर्ड आहे, त्यावर प्रत्येकाच्या नावाची चुंबकाची पट्टी. कोच फोन ठेवायचे, उठायचे, एक पट्टी काढून टेबलावर ठेवायचे. चौथ्या पट्टीनंतर ते बराच वेळ बोर्डासमोर तसेच उभे राहिले.

दुपारभर मी तो व्हिडिओ केला. पहिल्या वर्षीची नोव्हेंबरमधली एक मॅच काढली. त्या रात्री आम्ही मोठ्या संघाच्या घरी जाऊन हरलो होतो. हरायलाच बोलावलेलं असतं. अशा एका मॅचचे आम्हाला साधारण 90 हजार डॉलर मिळतात आणि त्यांवर आमचा बसचा, हॉटेलांचा खर्च निघतो. त्या मॅचमध्ये त्याच्यावर दोघे धावून आले की तो बॉल घट्ट धरून पाठ फिरवायचा. सहा वेळा बॉल गमावला. या फेब्रुवारीतली मॅच लावली. तसेच दोघे धावून येतात, तो एक पाऊल मागे सरतो, त्यांना आणखी ओढून घेतो आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलाकडे न बघताही बॉल पोचवतो. तो मुलगा तिथे असणार हे त्याला ठाऊक असतं, कारण दोन वर्षं सकाळी ते दोघं तेच करत होते. कोपऱ्यातल्या त्या मुलाचीही पट्टी टेबलावर होती.

पैशाने उंची विकत घेता येते, झेप घेता येते, चांगला नेमबाज घेता येतो. आमच्यासारख्यांकडे त्याला तोंड द्यायला एकच गोष्ट होती: वेळ. 2023 च्या राष्ट्रीय स्पर्धेत लहानशा फेअरली डिकिन्सनने बलाढ्य पर्ड्यूला 63-58 असं हरवलं, तेव्हा तो देशातला सर्वांत बुटका संघ होता. पण त्यांचे महत्त्वाचे खेळाडू कोचबरोबर खालच्या डिव्हिजनमधून एकत्र आलेले होते, एकमेकांना पाठ होते. त्याच्या आदल्या वर्षी त्याच स्पर्धेत जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने केंटकीला घरी पाठवलं आणि शेवटच्या आठांत धडक मारली. त्यांचा वर्षाचा बास्केटबॉलचा खर्च सुमारे 16 लाख डॉलर, केंटकीचा 1 कोटी 80 लाखांच्या घरात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांचे कोच गेले, बहुतेक खेळाडूही पांगले. यंदा 24 मार्चला स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत उरलेले संघ फक्त चार श्रीमंत कॉन्फरन्सचे होते, त्यातले सात एकट्या एसईसी या कॉन्फरन्सचे. दोन आठवड्यांनी फ्लोरिडाने स्पर्धा जिंकली. त्यांचे तीन मुख्य गार्ड आयोना, बेलमाँट आणि फ्लोरिडा अटलांटिक अशा लहान ठिकाणांहून आलेले होते. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला वॉल्टर क्लेटन त्यांतलाच.

संध्याकाळी उशिरा घरी, सांगलीला फोन झाला. बाबा शाळेत पीटीचे सर होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, आठवीतला पोरगा नुसता पळतो, नववीत त्याला बॉल दिसायला लागतो, दहावीत तो खेळतो. तुमची दहावीची बॅच दरवर्षी दुसरीच शाळा नेणार असेल तर तुम्ही करायचं काय?"

"बाबा, आम्ही परत आठवीपासून सुरू करतो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

ते काही बोलले नाहीत. पुढे 1 जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, सगळे खेळ मिळून वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्या रकमेला मर्यादा म्हणतात. आमच्यासाठी ती मर्यादा आकाशाला आहे, हात पोचतच नाही.

रात्री कोचने यादी मागितली. पोर्टलमध्ये तासातासाला नावं वाढत होती. आम्हाला परवडेल असा गार्ड हवा होता, म्हणजे डिव्हिजन टूमधला. एका मुलाचे व्हिडिओ मला आवडले. त्याच्या कोचला आम्ही स्पीकरवर फोन लावला. ते वयस्कर गृहस्थ होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर क्षणभर पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. या मुलाचं त्यांच्याकडचं हे दुसरं वर्ष होतं.

मग ते नीट, सावकाश बोलले. डावा हात पूर्वी नव्हता, आता आहे. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलू नका, बाजूला घेऊन सांगा, लगेच ऐकतो. घरी धाकटी बहीण आहे, तिच्या वाढदिवसाला फोन करायला त्याला मोकळं सोडा. मी लिहून घेत होतो.

"आणि एक," ते म्हणाले, "तो पहाटे येतो. किल्ली कोणाकडे असते तुमच्याकडे?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.