निकालाच्या आधीचं बघा

शहरातल्या सरकारी शाळेचा विषय निघाला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, निकाल किती टक्के लागला. मला हा प्रश्नच उशिराचा वाटतो. निकाल हातात येईपर्यंत ती मुलं शाळा सोडून गेलेली असतात, मग त्या आकड्याचं करायचं काय? वर्ष चालू असतानाच कोण मागे पडतंय ते कळायला हवं, आणि ते कळतं हो, फक्त रोज बघणारं कोणीतरी लागतं.

शिकागोचं उदाहरण मी भेटेल त्याला सांगते. तिथल्या सरकारी शाळांवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं की नववीचं वर्ष ज्यांचं रुळावर राहिलं ती मुलं वेळेत हायस्कूल (तिथे नववी ते बारावी) पूर्ण करण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा साडेतीन पट असते. रुळावर म्हणजे काय तर दहावीत जायला पुरेसे क्रेडिट (विषय पास झाला की मिळतात ते) मिळालेले आणि वर्षभरात मुख्य विषयांत फार तर एका विषयात एका सेमिस्टरला नापास, बस इतकंच. विशेष म्हणजे घरची परिस्थिती किंवा आधीच्या परीक्षांचे मार्क यांच्यापेक्षा हा अंदाज जास्त बरोबर येत होता. म्हणजे शाळेच्या हातात खूप काही असतं! मुलं कुठल्या घरातून येतात यावर सगळं ढकलून मोकळं होणाऱ्यांनी हे जरा शांतपणे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता हजेरी. वर्गाची सरासरी 93 टक्के आली की सगळे खूश, पण त्या 93 च्या आड तीच ती चार मुलं सारखी गैरहजर असतात आणि सरासरीत ती दिसतच नाहीत. महिन्यातून दोनच दिवस तर बुडतात म्हणून आपण सोडून देतो, पण वीस दिवसांतले दोन म्हणजे दहा टक्के झाले, आणि अमेरिकेत दहा टक्के बुडाले की ते मूल सतत गैरहजर राहणारं आहे असं धरतात. म्हणून हजेरीपट आडवा वाचायचा, एकेका मुलाची ओळ धरून. आणि घरी फोन करायचा तो रागवायला नाही, काय अडलंय ते विचारायला.

वह्या तपासण्याबद्दल तर मी तासभर बोलू शकते. रुथ बटलर या संशोधिकेचा 1988 चा अभ्यास आहे, काही मुलांना नुसते मार्क दिले, काहींना नुसता शेरा आणि काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काही फायदाच झाला नाही. हे वाचल्यापासून मला वाटतं की सरावाच्या कामावर आकडा लिहूच नये, कुठे चुकलं आणि आता काय करून बघ एवढं लिहावं आणि ते करून बघायला वर्गातच दहा मिनिटं द्यावीत, नाहीतर त्या शेऱ्याचा उपयोग काय.

शिक्षकांचं शिकणं हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. जपानमध्ये जुनी पद्धत आहे, चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात, पण शिक्षकाकडे नाही तर मुलांकडे, कोण कुठे अडलं, कोणी कसा विचार केला, आणि नंतर बसून पाठ दुरुस्त करतात. यात कोणाची तपासणी नसते म्हणून कोणी घाबरत नाही. पैसे जवळपास लागत नाहीत, वेळ मात्र लागतो, आणि तो वेळापत्रकात मुख्याध्यापकांनीच काढून द्यावा लागतो. शाळा सुटल्यावर थांबून करा म्हटलं तर पहिले काही आठवडे सगळे थांबतात, मग कोणाची बस असते, कोणाचं बाळ घरी असतं, आणि बंद पडतं. आठवड्याला एक तास, तोही शाळेच्या वेळात, एवढं तरी पाहिजेच.