शाळेच्या सॉफ्टवेअरमधून मुलांचा डेटा फुटला, त्याची भरपाई मागा

इकडे अमेरिकेत ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे गेल्या काही वर्षांत एक पत्र येऊन गेलंय, की शाळा जे सॉफ्टवेअर वापरते त्या कंपनीवर हल्ला झाला आणि तुमच्या मुलाची माहिती बाहेर गेली असू शकते. आणि मग वर्ष-दीड वर्षाने, आपण ते सगळं विसरलेलो असताना, एक साधं पोस्टकार्ड येतं की कोर्टात सेटलमेंट झालीय, अमुक तारखेपर्यंत क्लेम करा. हे दुसरं पोस्टकार्ड लोक सरळ रिसायकलिंगच्या डब्यात टाकतात, रविवारच्या मराठी शाळेत मी ज्या ज्या आईबाबांशी बोलले त्यातल्या निम्म्यांनी तरी टाकलेलं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

आधी हे की मुलांचा डेटा गेला तर त्यात एवढं काय. मोठ्या माणसाचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, गेला तर निदान आपण महिन्याला क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बघतो, कर्ज काढायला गेलो की स्कोअर बघतो, काहीतरी गडबड आहे हे कळतं. सात वर्षांच्या मुलाचा स्कोअर कोण बघतं? त्याच्या नंबरवर कुणी कार्ड काढलं, फोनचं कनेक्शन घेतलं, तर ते कळणार थेट तो अठरा वर्षांचा होऊन कॉलेजच्या लोनसाठी अर्ज करेल तेव्हा. मधली दहा-अकरा वर्षं चोराला मोकळं रान. शिवाय शाळेच्या सिस्टीममध्ये नुसतं नाव-पत्ता नसतो, मुलाला कसली ॲलर्जी आहे, स्पेशल एज्युकेशनमध्ये आहे का, घरी कोर्टाची काही ऑर्डर आहे का म्हणजे अमक्या नातेवाईकाकडे मूल सोपवायचं नाही वगैरे, हे सगळं तिथे असतं. क्रेडिट कार्ड बदलून मिळतं, ही माहिती कशी बदलणार.

शाळांना विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर देणाऱ्या इल्युमिनेट एज्युकेशन कंपनीचं प्रकरण ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबर २०२१ च्या शेवटी हॅकर आत शिरला, तोही कसा, तर साडेतीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन वापरून! ते लॉगिन कुणी बंदच केलं नव्हतं. १ कोटीहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती गेली, एकट्या न्यूयॉर्क शहरातले ८ लाखांच्या वर. आणि फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या बाजूने कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, म्हटलंय की काही शाळांना कळवायलाच कंपनीने जवळजवळ दोन वर्षं लावली. दोन वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल तिसरीत गेलं तोवर आईबापांना पत्ता नाही. मला हे वाचून जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

शाळांना असंच सॉफ्टवेअर देणाऱ्या पॉवरस्कूल कंपनीचं तर सगळ्यांना माहितीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या सपोर्टच्या पोर्टलमध्ये चोरलेला पासवर्ड वापरून कुणीतरी घुसलं, सरकारी वकिलांच्या आकड्यांप्रमाणे ६ कोटी विद्यार्थी आणि १ कोटी शिक्षकांचा डेटा. धमकी देऊन २८.५ लाख डॉलरचे बिटकॉइन मागितले. हे करणारा निघाला मॅसॅच्युसेट्समधला १९ वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी, त्याला २०२५ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली आणि १ कोटी ४० लाख डॉलर भरून द्यायचा हुकूम. कंपनीने खंडणी दिली, डेटा डिलीट झालाय असं कंपनीला सांगण्यात आलं, आणि मे २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या आणि टोरोंटोच्या शाळांना त्याच डेटाच्या नावाने परत धमक्या आल्या. म्हणजे एकदा बाहेर गेलेला डेटा परत येत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी. देशभरातले दावे मग सॅन डिएगोच्या फेडरल कोर्टात एकत्र केले गेले.

आता भरपाई. इथे एक मोठा गोंधळ होतो. बातमी येते की कंपनीने अमुक लाख डॉलरची सेटलमेंट केली आणि आपल्याला वाटतं आता चेक येणार. पण इल्युमिनेटने नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि कनेक्टिकट या तीन राज्यांशी जी ५१ लाख डॉलरची सेटलमेंट केली ती राज्यांच्या ॲटर्नी जनरलशी, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांशी आहे. तो दंड राज्यांना जातो, त्यासाठी पालकांनी भरायचा कुठलाही फॉर्म नसतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या ऑर्डरमध्येही भर आहे तो कंपनीने सिक्युरिटी सुधारावी आणि नको असलेला डेटा काढून टाकावा यावर. आपल्या हातात पैसे येतात ते तिसऱ्या रस्त्याने, म्हणजे क्लास ॲक्शनमधून, जिथे काही पालक सगळ्यांच्या वतीने दावा लावतात, कंपनी एक रक्कम बाजूला काढते आणि कोर्ट त्याला आधी प्राथमिक आणि मग अंतिम मंजुरी देतं. बातमी वाचली की पहिल्यांदा बघायचं, सेटलमेंट कुणाबरोबर आहे.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे भागातल्या सगळ्या सरकारी शाळांमध्ये, वापरत असलेल्या एका सॉफ्टवेअरचं कार्ड आलं तेव्हा ते वरती लेकाच्या नावाने होतं, त्याच्या नावाआधी बारीक अक्षरात "पालक किंवा गार्डियन" आणि खाली कोपऱ्यात नोटीस आयडी आणि पिन. ह्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. कार्ड दुमडून चिकटवलेलं असतं, कडेची छिद्रांची पट्टी फाडल्यावर आत मजकूर, आणि फाडताना नेमका तो पिन फाटतो, म्हणून जपून फाडा आणि लगेच फोटो काढून ठेवा. कार्ड गेलं असेल तरी घाबरायचं कारण नाही, सेटलमेंटच्या ॲडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे क्लेम हाताळायला नेमलेल्या कंपनीला, फोन किंवा ईमेल केला की नाव-पत्ता जुळवून ते आयडी परत देतात. दोन मुलं असतील तर दोन वेगळे क्लेम, हे पण लक्षात ठेवा, कारण मोठ्याचा भरला की धाकटीचा झाला असं धरून बरेच जण बसतात.

फॉर्ममध्ये साधारण चार पर्याय असतात. एक म्हणजे खरोखर झालेलं नुकसान, पावत्यांसकट, म्हणजे कुणी मुलाच्या नावाने खातं उघडलं आणि ते निस्तरायला वकील, नोटरी, पोस्टेज, फोन जे काय लागलं ते. दुसरा, ह्या भानगडीत गेलेला वेळ, ठरलेल्या दराने आणि ठरावीक तासांपर्यंत. तिसरा, पावती-बिवती काही नाही, सरसकट एक रक्कम. चौथा, क्रेडिट मॉनिटरिंग, आणि मुलांसाठी ते वेगळं असतं, मुलाच्या नंबरवर कुठे क्रेडिट फाइल तयार झालीय का ते बघणारं. सरसकट रक्कम घेतली तर काही सेटलमेंटमध्ये पहिले दोन मिळत नाहीत, काहींमध्ये मिळतात, ते नीट वाचायचं. मी म्हणेन मॉनिटरिंग जिथे पैशाबरोबर घेता येतं तिथे घ्याच, आणि वेळेचा पर्याय निवडला तर जे केलं तेच लिहा, शाळेला फोन, बँकेत जाणं, कागदपत्रं पाठवणं. खाली सही करताना खोटं लिहिलं तर शपथभंगाचा गुन्हा असं छापलेलं असतं आणि ते खरं असतं.

किती मिळतात? हा प्रश्न सगळेच विचारतात. कार्डावर लिहिलेली रक्कम म्हणजे पक्की नाही, बहुतेक वेळा आधी वकिलांची फी, खूपदा एक तृतीयांशाच्या आसपास, मग ॲडमिनिस्ट्रेटरचा खर्च, आणि उरलेलं जेवढ्या लोकांनी क्लेम केला त्यांच्यात वाटून. जास्त लोकांनी भरले की वाटा कमी. आमच्या शेजारच्या काकूंचं म्हणणं, एवढ्याशा पैशांसाठी कोण बसतंय फॉर्म भरत. पण काकू, काहीच केलं नाही तर पैसे तर मिळत नाहीतच, वर त्या कंपनीवर त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावायचा मुलाचा हक्क पण जातो, हे त्या कार्डावरच लिहिलेलं असतं. गप्प बसणं म्हणजे मान्य करणं. ज्यांचं खरंच मोठं नुकसान झालंय त्यांनी सेटलमेंटमधून बाहेर पडायची तारीखही बघा, बाहेर पडतोय हे त्याआधी लेखी कळवावं लागतं, आणि तसं करण्याआधी वकिलाशी बोला. सेटलमेंट अन्यायाची वाटली तर आत राहून कोर्टाला हरकतही लिहून पाठवता येते.

खोट्या साईट्स फार झाल्यात. क्लेम करायला एक सेंटही लागत नाही, कुणी फी मागितली की बंद करा. सर्च करून पहिल्या लिंकवर जाऊ नका, कार्डावर छापलेला पत्ता हाताने टाईप करा. व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक तर नकोच, ग्रुपवर कुणी कितीही विश्वासातलं असलं तरी.

आणि आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट, जी क्लेमपेक्षाही मोठी आहे: मुलाचं क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे त्याच्या क्रेडिट फाइलला कुलूप लावा, की त्याच्या नावाने कुणाला सहजी कर्ज किंवा कार्ड काढता येणार नाही. सप्टेंबर २०१८ पासून फेडरल कायद्याने हे फुकट आहे आणि १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडील करू शकतात. क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन कंपन्या आहेत, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन, तिघांना वेगवेगळं कळवायचं. मोठ्यांचं ऑनलाईन पाच मिनिटांत होतं, मुलांचं पोस्टाने करावं लागतं, कारण त्यांच्याकडे मुलाची फाइलच नसते, ती तयार करून मग कुलूप लावतात. मुलाचा जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, आपलं लायसन्स, पत्त्यासाठी लाईटचं बिल, सगळ्याच्या झेरॉक्स तीन पाकिटांत. मी जेवणाच्या टेबलावर तीन गठ्ठे करून बसले होते आणि लेकाने स्वतः पाकिटांवर पत्ते लिहिले, त्याला वाटलं शाळेचाच काहीतरी प्रोजेक्ट आहे. उत्तर येतं तो कागद पासपोर्टबरोबर ठेवा.

एच-फोरवरच्या, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, त्यांना फ्रीजचा फारसा उपयोग नाही, पण नाव, जन्मतारीख, मेडिकल माहिती त्यांचीही गेलेली असते. व्हिसामुळे क्लेमचा हक्क जात नाही. मात्र क्लासची व्याख्या, म्हणजे सेटलमेंटमध्ये कोण कोण येतं ते वाचा, कधीकधी अमेरिकेत राहणारे असं लिहिलेलं असतं आणि त्यासाठी कुठली तारीख धरलीय ते बघावं लागतं. जे पुण्याला, नाशिकला परत गेलेत त्यांचं खरं अवघड आहे, इथे जन्मलेल्या मुलाचा नंबर आयुष्यभर तोच राहणार आणि कार्ड मात्र जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर येणार जिथे आता दुसरंच कुणीतरी राहतं. अशांनी जुन्या डिस्ट्रिक्टला ईमेल करून विचारावं, आमच्या मुलाची माहिती गेली का आणि कुठल्या कंपनीकडून. एमएस करायला आलेल्यांनाही हे लागू आहे, मूव्हइट या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरवर २०२३ मध्ये झालेल्या हल्ल्यात नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या कॉलेज विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेमधून जवळजवळ ९०० कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची माहिती गेली आणि त्याची ९९.५ लाख डॉलरची सेटलमेंट झाली.

पैसे यायला वेळ लागतो, अंतिम मंजुरी, मग कुणी अपील केलं तर आणखी लांबतं, त्यामुळे मधल्या काळात घर बदललं तर ॲडमिनिस्ट्रेटरला नवा पत्ता कळवा. चेक आला की लगेच भरा, बहुतेकांवर ९० दिवसांची मुदत असते. आणि मूल क्लेम भरायच्या आधीच अठरा वर्षांचं झालं असेल तर सही त्याची लागते, आपली चालत नाही, तेव्हा हॉस्टेलवर राहणाऱ्या लेकीला फोन करून तिच्याकडून भरून घ्या, तारीख संपायच्या आत.