दांडिया बाजारातला गॅस, रणोलीची वीज

पहाटे साडेपाचला बडोद्याला उतरलो आणि सहाच्या आत दांडिया बाजारात आत्याच्या स्वयंपाकघरात. आधण ठेवण्याआधी तिने खिडकीची वरची झडप उघडली. "आपला गॅस वर जातो रे, तुमच्या सिलिंडरसारखा खाली बसत नाही."

बडोद्यात कॉर्पोरेशनने १९७२ पासून घरोघरी नळाने नैसर्गिक गॅस दिला. आमच्याकडे तेव्हा भरभरणारा स्टोव्ह आणि रॉकेलची रांग! २०१३मध्ये महापालिका आणि गेल गॅस (सरकारी गॅस कंपनी 'गेल'चीच एक कंपनी) यांची मिळून वडोदरा गॅस लिमिटेड झाली, तरी आत्याच्या तोंडी 'कॉर्पोरेशनचा गॅस'च. शेगडीची भोकं दाखवत म्हणाली, "सिलिंडरपेक्षा मोठी लागतात, या गॅसचा जोर कमी."

या गॅसवर वीजही होते म्हणून भावोजींनी शेव-उसळ खाऊ घालून (तर्री बेताने मागा, सांगून ठेवतो) मला स्कूटरवर मागे बसवलं. छाणी, दशरथ, मग रणोली. तिथे आजूबाजूच्या खत-रसायनवाल्या कंपन्यांनी वीजमंडळाच्या साथीने उभारलेला १४५ मेगावॅटचा गॅस प्रकल्प आहे. कोळशाच्या अजस्र केंद्रांपुढे धाकटं भावंडच. परवानगीची खटपट मी केली नव्हती, त्यामुळे दर्शन रस्त्यावरूनच.

"धूर नाही. बंद आहे वाटतं?"

"धूर कसला शोधतोस? चिमणीच्या वर बघ."

वरचं आभाळ थरथरत होतं, तापल्या कढईवर हवा हलते तसं.

भावोजी आयुष्यभर वीजखात्यात. स्कूटरच्या सीटवर बोटाने आकृती काढत सांगू लागले. हवा दाबून तिच्यात गॅस जाळायचा, त्या झोताने टर्बाइन फिरतं. बाहेर पडणारी हवा ५०० अंशांच्या वर तापलेली असते. ती फुकट न घालवता तिच्यावर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर आणखी एक टर्बाइन. इथे गॅसची तीन, वाफेचं एक. "तुझी आत्या भाताच्या वाफेवर अळूवड्या उकडते ना, तसं."

मग जरा गप्प होऊन म्हणाले, "यंत्रं झकास असतात रे, पण गॅस परवडला तर." देशभरात गॅसवरची सुमारे २०,००० मेगावॅटची क्षमता आहे आणि महाग गॅसपायी त्यातली बरीचशी बसून असते. हे मात्र मला पटकन गिळवेना.

परतलो तर आत्या दारातच. "वीज बघून आलात ना? मग आधी वरचा पंखा बघा, सकाळपासून कुरकुरतोय."