लाटेला न हलणारा मतदारसंघ: नॉर्थ श्रॉपशायर

१९०६, १९४५ आणि १९९७ या तीन सार्वत्रिक निवडणुकांत ब्रिटनमध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची धूळधाण उडाली. तिन्ही वेळा श्रॉपशायर काउंटीच्या उत्तर भागाने मात्र हुजूर पक्षाचाच खासदार वेस्टमिन्स्टरला पाठवला. हाच भाग १९०४ आणि २०२१ मध्ये हातातून गेला, आणि दोन्ही वेळा देशात कसलीच सार्वत्रिक निवडणूक नव्हती. होती ती फक्त इथली पोटनिवडणूक. या मतदारसंघाला देशाची लाट हलवत नाही. सगळ्यांचं लक्ष एकट्या त्याच्यावर येतं तेव्हा तो हलतो. असं का होतं, हे त्याचा इतिहास उलगडला की कळतं.

आधी मुलूख समजून घेऊ. बर्मिंगहॅमच्या वायव्येला, वेल्सच्या सीमेला लागून हा पट्टा आहे. ऑस्वेस्ट्री, एल्समिअर, व्हिटचर्च, वेम आणि मार्केट ड्रेटन ही पाच बाजारगावं, आणि त्यांच्यामध्ये मैलोन्‌मैल कुरणं. मुख्य धंदा दुधाचा. ऑस्वेस्ट्रीला गुरांचा मोठा बाजार भरतो, मार्केट ड्रेटनला दह्याचा कारखाना आहे. काउंटीचं मुख्य शहर श्रूझबरी या मतदारसंघाच्या बाहेर पडतं. हे लक्षात ठेवा, कारण २०२१ मध्ये तेच निर्णायक ठरलं.

मराठी माणसाला या भागाशी जोडणारा एक धागा आहे. मार्केट ड्रेटनजवळच्या स्टाइश इथे १७२५ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म झाला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला गेला, तेव्हा ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर जमिनीवरच्या फौजेचं नेतृत्व याच क्लाइव्हकडे होतं. हिंदुस्थानातून नेलेल्या पैशावर त्याने गावी जमीन घेतली आणि खासदारक्याही मुठीत ठेवल्या. तो स्वतः श्रूझबरीचा खासदार होता. काउंटीच्या दक्षिणेकडचं बिशप्स कॅसल तर १८३२ पर्यंत क्लाइव्ह घराण्याच्या खिशातलाच मतदारसंघ होता. मोजके मतदार आणि एकच मालक असा तो प्रकार.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने श्रॉपशायरचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले आणि प्रत्येकाला दोन खासदार दिले. नॉर्थ श्रॉपशायर हे नाव तेव्हापासूनचं. त्या कायद्यातलं एक कलम ग्रामीण इंग्लंड समजायला फार उपयोगी आहे. वर्षाला ५० पौंड किंवा जास्त खंड भरणाऱ्या कुळांना मताचा हक्क मिळाला, पण ही कुळं मालकाच्या मर्जीवरची होती. मतदान उघड असे. मतदार चौथऱ्यावर उभा राहून नाव सांगायचा, अमक्याला मत म्हणायचा, आणि कारकून ते वहीत उतरवून घ्यायचा. ही वही पुढे छापून विकलीही जाई. पुढच्या वर्षी जमीन कसायला मिळणार की नाही हे ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीविरुद्ध भरचौकात मत देण्याची छाती किती जणांची होणार? हॉकस्टोनच्या हिल घराण्यासारखे बडे जमीनदार त्यामुळे कुळांची मतं जवळजवळ गृहीत धरू शकत, आणि पुष्कळदा निवडणूक बिनविरोधच होई. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं, पण तोपर्यंत दोन पिढ्यांची सवय पडून गेली होती.

१८८५ च्या फेररचनेत हे नाव गेलं आणि मुख्य मतदारसंघ झाला ऑस्वेस्ट्री. जमीनदारांची पकड सुटली नव्हती. ऑस्वेस्ट्रीजवळच्या ब्रॉगिंटिन इस्टेटीचे ऑर्म्सबी-गोर हे त्याचं ठळक उदाहरण. जॉर्ज ऑर्म्सबी-गोर १९०१ मध्ये खासदार झाले. १९०४ मध्ये वडील वारल्यावर ते लॉर्ड हार्लेक झाले आणि उमरावांच्या सभागृहात गेले. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि लिबरल पक्षाचे ॲलन हेवूड ब्राइट निवडून आले. परदेशी मालावर जकात बसवावी की नाही यावर तेव्हा सत्ताधारी हुजूर पक्षच दुभंगला होता, आणि शाळांच्या कायद्यावरून चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे ख्रिस्ती चिडलेले होते. वेल्सच्या सीमेवर असे लोक भरपूर.

दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, लिबरलांनी देश जिंकला आणि ऑस्वेस्ट्री मात्र गमावली. विल्यम ब्रिजमन खासदार झाले आणि १९२९ पर्यंत राहिले. मधल्या काळात ते गृहमंत्री आणि नौदलमंत्रीही झाले. १९४५ मध्ये मजूर पक्षाने चर्चिलना घरी बसवलं, तेव्हा इथे हुजूर पक्षाचे ऑलिव्हर पूल आले. १९५० पासून डेव्हिड ऑर्म्सबी-गोर, म्हणजे १९०४ च्या त्या लॉर्डसाहेबांचे नातू. ते १९६१ मध्ये अमेरिकेत राजदूत म्हणून गेले आणि त्यांच्या जागी आलेले जॉन बिफेन १९९७ पर्यंत टिकले. १९८३ मध्ये नॉर्थ श्रॉपशायर हे जुनं नाव परत आलं, खासदार तेच राहिले.

१९९७ च्या आकड्यांपाशी जरा थांबू. हुजूर पक्षाचे नवे उमेदवार ओवेन पॅटरसन यांना २०,७३० मतं पडली, मजूर पक्षाच्या इयन लूकस यांना १८,५३५, आणि लिबरल डेमोक्रॅटना (जुन्या लिबरल पक्षाचे वारसदार) दहा हजारांवर. म्हणजे विरोधातली मतं विजेत्यापेक्षा कितीतरी जास्त होती, पण ती दोन डब्यांत पडली आणि जागा २,१९५ मतांनी वाचली. सर्वाधिक मतं त्याचा विजय ही पद्धत आपल्यासारखीच असल्याने हे गणित आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. बालेकिल्ला म्हणतात त्यात निम्मी भिंत विरोधकांच्या फुटीने बांधलेली असते. पुढे हुजूर पक्षाचा हा धोका टळला. मताधिक्य वाढत गेलं आणि २०१९ मध्ये पॅटरसन ६२.७ टक्के मतं घेऊन २२,९४९ च्या फरकाने आले. लिबरल डेमोक्रॅटच्या हेलन मॉर्गन १० टक्क्यांवर, तिसऱ्या.

मग आलं २०२१. पॅटरसन दोन कंपन्यांकडून सल्लागार म्हणून पैसे घेत होते आणि त्याच कंपन्यांसाठी सरकारी खात्यांकडे रदबदली करत होते, असा निष्कर्ष संसदेच्या आचारसंहिता आयुक्तांनी काढला. आचारसंहिता समितीने सभागृहातून ३० दिवस निलंबनाची शिफारस केली. हा आकडा महत्त्वाचा, कारण २०१५ च्या कायद्यानुसार निलंबन १० बैठकांचं किंवा अधिक झालं की मतदारसंघात खासदार परत बोलावण्याचा अर्ज खुला होतो. सहा आठवड्यांत १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी. ३ नोव्हेंबरला सरकारने निलंबन रोखून नियमच बदलण्याचा ठराव २५० विरुद्ध २३२ मतांनी करून घेतला, दुसऱ्या दिवशी ओरड होताच माघार घेतली, आणि पॅटरसन पायउतार झाले. (ब्रिटिश खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही. राजाच्या नावाने चालणारं एक बिनकामाचं पद घ्यायचं, ते घेतलं की खासदारकी आपोआप जाते.)

पोटनिवडणुकीची तारीख काढण्यात इथे गेलेल्या खासदाराच्या पक्षाचा हात असतो. त्याच पक्षाचा प्रतोद सभागृहात आदेशाचा प्रस्ताव मांडतो. भारतातल्यासारखी सहा महिन्यांची कायदेशीर मुदत नाही. प्रकरण थंड होईपर्यंत थांबायचं की विरोधकांना तयारीला वेळ न देता उरकायचं, हा निर्णय पक्षाचा. हुजूर पक्षाने उरकायचं ठरवलं आणि १६ डिसेंबर ही तारीख आली. त्याने पक्षाचं नुकसानच केलं असं मला वाटतं, कारण टाळेबंदीत पंतप्रधानांच्या घरी पार्ट्या झाल्याच्या बातम्या ३० नोव्हेंबरपासून फुटायला लागल्या आणि प्रचाराचे शेवटचे दोन आठवडे त्यातच गेले.

पण फक्त पार्ट्यांनी हा निकाल लागला असं लिहिणारे इथल्या रस्त्यांवरून फिरलेले नाहीत. मोठी रुग्णालयं श्रूझबरी आणि टेलफर्डला, दोन्ही मतदारसंघाबाहेर. व्हिटचर्चहून श्रूझबरी साधारण ३० किलोमीटर. रुग्णालयात खाटा नाहीत म्हणून रुग्णवाहिका दारात रांगेत उभ्या, आणि त्या तिकडे अडकल्या की खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसासाठी गाडीच उरत नाही. त्याच शरद ऋतूत ऑस्वेस्ट्री आणि मार्केट ड्रेटनची रुग्णवाहिका केंद्रंही बंद झाली होती. भर म्हणून ऑस्ट्रेलियाशी तत्त्वतः ठरलेला व्यापार करार. तिकडचं स्वस्त मांस येणार ही पशुपालकांची धास्ती, आणि युरोपातून बाहेर पडल्यावर शेतीचं जुनं अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होणार हेही जाहीर झालेलं. हुजूर पक्षाचा उमेदवार बर्मिंगहॅमचा बॅरिस्टर. मॉर्गन मात्र मतदारसंघातच राहणाऱ्या. त्यांनी घरोघर रुग्णवाहिकेचाच विषय धरला.

निकाल असा: मॉर्गन १७,९५७, हुजूर १२,०३२, मजूर ३,६८६. मताधिक्य ५,९२५. एकूण १४ उमेदवार, त्यातल्या ११ जणांची अनामत गेली. ती ५०० पौंड असते आणि ५ टक्क्यांखाली आलात की जप्त.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे ३४ टक्के ‘स्विंग’ची बातमी होती. हा आकडा कसा काढतात? हुजूर ६२.७ वरून ३१.६ वर आले, म्हणजे ३१.१ ची घट. लिबरल डेमोक्रॅट १० वरून ४७.२ वर गेले, म्हणजे ३७.२ ची वाढ. दोन्हींची बेरीज करून निम्मी करायची. यावरून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी पक्ष बदलला असं वाटतं, आणि नेमकी तिथेच गफलत होते. टक्के सोडा, मतं मोजा. हुजूर पक्षाची २३,४१२ मतं कमी झाली, मॉर्गन यांची वाढली १२,३१४. मजूर पक्षाची ८,८०९ घटली. मतदान फक्त ४६.३ टक्के, २०१९ पेक्षा साडेअठरा हजार मतं कमी. सगळं शेजारी मांडलं की चित्र उमटतं: हुजूर पक्षाचे हजारो मतदार घरीच बसले, मजूर पक्षाचे बरेचसे लिबरल डेमोक्रॅटकडे वळले, आणि थेट निळ्यातून (हुजूर) पिवळ्यात (लिबरल डेमोक्रॅट) उडी मारणारे होते, पण ३४ टक्क्यांइतके नक्कीच नव्हते.

२०१९ मध्ये मजूर पक्ष दुसऱ्या क्रमांकावर असताना ही मतं तिसऱ्याकडे कशी वळली? सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचे कार्यकर्ते साडेसहाशे मतदारसंघांत विखुरलेले असतात. पोटनिवडणुकीत देशभरातून एकाच ठिकाणी येतात, आणि तेव्हा खर्चाची मर्यादाही १ लाख पौंड होती. दर दोन-तीन दिवसांनी नवं पत्रक, त्यावर ‘लढत दोघांतच’ सांगणारा उभ्या पट्ट्यांचा आलेख. आपलं मत वाया जाऊ नये ही चिंता असलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर रंगीत फितीची फुलं छातीला लावलेले कार्यकर्ते तुमचा यादीतला क्रमांक विचारतात. कुणाला मत दिलंत हे विचारत नाहीत. आपला समर्थक अजून आलेला नाही हे त्या क्रमांकावरून कळतं आणि संध्याकाळी त्याच्या दारावर थाप पडते. क्रमांक सांगणं बंधनकारक नाही.

केंद्र म्हणजे बहुधा गावाचा हॉल, सकाळी ७ ते रात्री १०. दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदी मतपत्रिका, नावासमोर फुली. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. मतपत्रिकेच्या पाठीवर क्रमांक छापलेला असतो आणि तो कुणाला दिला याची यादी ठेवतात. ती मोहरबंद राहते आणि वर्षाने नष्ट होते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणी पाहू शकत नाही. मोजणीत आधी पेटीतल्या पत्रिकांची संख्या जुळवतात. त्या वेळी पत्रिका वर तोंड करून असतात, आणि टेबलापलीकडे उभे पक्षाचे लोक पाच-पाचच्या उभ्या रेघा मारत फुल्या टिपतात. खरी मोजणी सुरू होण्याआधीच कुठलं गाव फिरलं हे त्यांना कळलेलं असतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना ठाऊक नसतं की भारतीय पासपोर्टवरही इथे संसदेसाठी मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर राहणारा १८ वर्षांवरचा भारतीय नागरिक मतदार होऊ शकतो. फ्रेंच किंवा जर्मन शेजाऱ्याला हा हक्क नाही. नोंदणी ऑनलाइन, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक जवळ ठेवा, आणि मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी मुदत संपते. २०२३ पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, फोटोत तुम्ही ओळखू आलात म्हणजे झालं. अडतं ते नावावर. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मतदार यादीत सासरचं, असं असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्या.

पोटनिवडणुकीत गेलेली जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत परत येते, असा इथला सर्वसाधारण अनुभव. १९०४ नंतर तेच झालं. २०२४ मध्ये मात्र मॉर्गन यांची मतं २६,२१४ वर गेली आणि मताधिक्य १५,३११ वर. आता मजूर पक्षाच्या मतदाराला आलेख दाखवायची गरज उरली नव्हती. सर्वांत जवळचा स्पर्धक कोण, हे निकालानेच सांगितलं होतं. हुजूर पक्षाच्या पाठीशी असलेली मतं तेव्हा उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाने फोडली, म्हणजे १९९७ चं गणित उलट्या बाजूने मांडलं गेलं. मे २०२५ मध्ये श्रॉपशायर कौन्सिलही लिबरल डेमोक्रॅटनी बहुमताने घेतलं. तरी काउंटीच्या दक्षिणेकडच्या लडलो मतदारसंघाचा दाखला विसरता येत नाही. तिथे याच पक्षाने २००१ मध्ये जागा जिंकली आणि २००५ मध्ये गमावली. मॉर्गन यांच्यासाठी खरी कसोटी ती असेल, ज्या निवडणुकीत हुजूर आणि रिफॉर्मची मतं पुन्हा एका डब्यात पडतील.