बोर्डोची बाटली आणि आमचा बोर्डो

2005 साल म्हटलं की आमच्या सांगलीत फक्त महापूर आठवतो. त्याच वर्षी फ्रान्समधल्या बोर्डो भागात पाऊस कमी झाला आणि तिथली वाईन अव्वल निघाली, हे मला भाच्याने आणलेल्या बाटलीमुळे कळलं. शातो दुक्रू-बोकायू, 2005. पिवळंधमक लेबल. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्डोतल्याच मेदोक भागाच्या रेड वाईनची पाच पायऱ्यांची यादी केली, त्यात ही दुसऱ्या पायरीवर. यादी तेव्हापासून जवळपास तशीच आहे, आमच्याकडच्या पाटीलकीसारखी. 1973 ला एक मूतोन-रोथशिल्ड तेवढी वर चढली.

पण मला बाटलीपेक्षा त्या बागेचं अप्रूप. तासगाव भागात पाऊसकाळात द्राक्षावर बुरशीचं औषध म्हणून बोर्डो मारला नाही असा बागायतदार सापडायचा नाही. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, प्लास्टिकच्या पिंपात. कोयत्याचं पातं बुडवून बघायचं. तांबूस थर धरला की चुना वाढवायचा. हात दोन दिवस निळे. हे औषध सापडलं ते याच बोकायूच्या शिवारात. वाटसरू द्राक्षं तोडायचे म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर तिथले लोक मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे, विषारी दिसावं म्हणून. 1882 ला मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं, की डाऊनी या बुरशीच्या रोगाने बाकीची पानं गळाली, रस्त्याकडेची तेवढी टिकली. 1885 ला त्याने ते जाहीर केलं. (आमच्या रस्त्याकडेच्या ओळी निळ्या पानांसकट झडतात. आपला वाटसरू धाडसी.)

बूच भुसभुशीत झालं होतं, अर्धं आत पडता पडता राहिलं. भाच्याने मोबाईलची बॅटरी बाटलीच्या मानेखाली धरून काचेच्या जगमध्ये हळूहळू ओतलं आणि काळा गाळ मानेशी येताच हात थांबवला. कडेला विटकरी रंग. वास आधी ओल्या लाकडाचा, मग सुकलेल्या जांभळाचा. चव तुरट, गोडीचा पत्ता नाही, पण घोट गेल्यावरही जिभेवर बराच वेळ रेंगाळते. मला आवडली. सौ.ने वास घेऊन ग्लास परत दिला.

ही वाईन मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यॉं जातीच्या द्राक्षांची. मणी बारीक, साल जाड, बिया भरपूर. रंग आणि तुरटपणा सगळा सालीबियांत. आम्ही जीएत, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात, घड बुडवून मणी लांबवतो, कारण व्यापारी आधी मिलिमीटर विचारतो. असला मणी त्याने बेदाण्यालासुद्धा घेतला नसता. तिकडे धरत्या बागेला सहसा पाणीही देत नाहीत. आमचं ड्रिप चार दिवस बंद पडलं तर घरात कुणी जेवत नाही.

आण्णांनी दोन घोट घेतले आणि भाच्याला विचारलं, "एकरी किती निघतंय रं?"

"अडीच टनाच्या आसपास, आण्णा."

"अडीच? मग सोसायटीचं कर्ज कसं फेडत्यात?"